दैवाची सबब पुरे झाली!

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पुतण्याला विचारतात, "किती टक्के पडले?" आणि भाच्याला विचारतात, "अजून खेळतोस काय रे बॅटबॉल?" पहिल्याचे उत्तर समाधानकारक आले तर बशीत आणखी एक करंजी पडते. दुसऱ्याचे उत्तर काहीही आले तरी काकांच्या तोंडून एकच वाक्य निघते : "खेळून कोणाचे भले झाले आहे?" मग शेजारच्या एखाद्या मुलाचा दाखला निघतो. कॉलेजात फार छान खेळायचा हो, युनिव्हर्सिटीपर्यंत गेला होता, पुढे काही झाले नाही, वाया गेला बिचारा, दैव एकेकाचे! एवढे बोलून झाले की चिवड्याची बशी पुढे सरकते आणि त्या मुलाचा निकाल लागतो.

या "वाया गेला"शी आणि या "दैवा"शी आज मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळी अंक हा घरातल्या साऱ्यांच्या हाती जातो. काकांच्याही हाती जातो आणि भाच्याच्याही. तेव्हा हे भांडण मांडायला याहून चांगली जागा मला दिसत नाही.

मी राहतो महाबळेश्वरात. ज्या गावाचा पाऊस दोनशे इंचांच्या पुढे जातो, जिथे मृगाआधी घरांना गवताच्या झडी बांधाव्या लागतात, त्या गावाचा आणि क्रिकेटचा संबंध काय, अशी शंका येणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि जवळचा आहे. पाऊस उघडला की आमच्या पोरांच्या हाती पहिली वस्तू येते ती बॅट. मैदान मिळाले तर मैदानात, नाही तर बाजारपेठेमागच्या उतारावर, जांभ्याच्या तांबड्या मातीत डाव मांडतात. चेंडू दरीत गेला की खेळ खलास. म्हणून आमची पोरे चेंडू जमिनीलगत मारायला कोणी न शिकवता शिकतात. वीस किलोमीटरांवरच्या पाचगणीला इंग्रजी अमदानीपासूनच्या निवासी शाळा आहेत, त्यांना देखणी मैदाने आहेत. आमच्या मराठी शाळेला अंगण होते. त्या शाळेत मी तीस वर्षे मास्तरकी केली आणि सुट्टीच्या दिवशी पंच म्हणून उन्हात उभा राहिलो. एवढाच माझा या विषयातला अधिकार. पण पंचाला एक सवय लागते. कोणी बाद झाला तर तो कसा बाद झाला, हे त्याला सांगावे लागते. "दैवाने बाद" असा निकाल क्रिकेटच्या कायद्यात नाही.

आता एका खेळाडूची हकीकत सांगतो. ती मुंबईची असली तरी तिचे धागे आमच्या मुलखात अडकलेले आहेत. माधव आपटे हे नाव आजच्या पिढीतल्या पुष्कळांनी ऐकलेले नसेल. जन्म १९३२चा, मुंबईचा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना ते लेगस्पिन टाकीत. कॉलेजच्या मुलांना शिकवायला विनू मांकड येत असत. मांकडांनी या पोराला गोलंदाजीतून काढून सलामीला उभे केले. कॉलेजच्या जाळ्यात घडलेला हा बदल इतका अचूक ठरला, की रणजी करंडकाच्या पदार्पणातच आपट्यांनी शतक ठोकले आणि १९५२ साली, विशीच्या उंबरठ्यावर, पाकिस्तानविरुद्ध मुंबईत ते भारतातर्फे कसोटी खेळले.

१९५३च्या आरंभी भारताचा संघ वेस्ट इंडिजला गेला. कर्णधार होते विजय हजारे, आमच्या सांगलीत जन्मलेले. समोर होते रामाधीन आणि व्हॅलेंटाइन, ज्यांनी तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडला इंग्लंडमध्ये लोळवले होते. अशा गोलंदाजीपुढे वीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने पाच कसोट्यांत ४६० धावा केल्या. भारताच्या बाजूने त्याच्याहून अधिक धावा एकट्या पॉली उम्रीगरांच्या होत्या. पोर्ट ऑफ स्पेनच्या तिसऱ्या कसोटीत आपटे १६३ धावा करून नाबाद राहिले. सलामीला गेलेला माणूस डाव सोडेपर्यंत पाय रोवून उभा राहतो, याला काय म्हणतात ते क्रिकेट कळणाऱ्याला सांगायला नको.

मालिकेची शेवटची कसोटी किंग्स्टनला झाली. सांगलीच्या हजाऱ्यांची ती शेवटची कसोटी ठरली. त्यांचे वय अडतीस होते आणि तीस कसोट्या त्यांच्या नावावर होत्या. त्यांचा निरोप समजू शकतो. पण तीच कसोटी वीस वर्षांच्या आपट्यांचीही शेवटची ठरली! सात कसोट्या, ५४२ धावा, सरासरी ४९.२७. पुन्हा भारतीय संघात त्यांना घेतले नाही. ते जायबंदी झाले नव्हते, खेळ सोडून गेले नव्हते. पुढे कित्येक वर्षे ते मुंबईकडून रणजी खेळले, मुंबईचे कर्णधार झाले, प्रथम श्रेणीच्या ६७ सामन्यांत त्यांनी ३३३६ धावा केल्या. माणूस मैदानावर होता, बॅट हातात होती, धावा फलकावर लागत होत्या. फक्त निवड समितीच्या कागदावर त्यांचे नाव येत नव्हते.

वेस्ट इंडिजनंतर भारताची पुढची कसोटी मालिका १९५४-५५ साली पाकिस्तानात झाली. सलामीला पंकज रॉय यांच्या जोडीला पनमल पंजाबी यांना खेळवले. पाच कसोट्यांत त्यांच्या १६४ धावा झाल्या. पाचही सामने अनिर्णित राहिले, आणि पंजाबींची कसोटी कारकीर्दही त्या पाच सामन्यांतच संपली. मी पंजाबींना दोष देत नाही. बोलावले तेव्हा ते गेले आणि जमले तेवढे खेळले. माझा प्रश्न साधा आहे. आधीच्या मालिकेत ४६० धावा करणारा सलामीचा फलंदाज घरी का बसवला? हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल. त्याचे लेखी, जाहीर, सही-शिक्क्याचे उत्तर खेळाडूच्या हाती कधी पडले नाही. आपटे २०१९ साली वारले, शहाऐंशी वर्षांचे होऊन. साठ वर्षांहून अधिक काळ त्यांनी हा प्रश्न बरोबर वागवला, आणि आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावातच नशीब घातले. इंग्रजी पुस्तकाचे नाव 'अ‍ॅज लक वुड हॅव इट'.

सोसणाऱ्याने आपल्या भोगाला नशीब म्हणावे, हा त्याचा मोठेपणा. त्यात कडवटपणा टाळण्याची सभ्यता आहे. पण ते शब्द आपण त्याच्या तोंडून उचलून आपल्या सोयीसाठी वापरू लागलो, तर ती लबाडी होते. पाऊस पडून सामना बुडतो ते दैव. जांभ्याच्या खड्यावर आपटून चेंडू अवचित उसळतो आणि बोट मोडते ते दैव. पाच-सहा माणसे एका खोलीत बसतात, चहा पितात, नावांची यादी करतात आणि एक नाव त्या यादीत लिहीत नाहीत; याला दैव कसे म्हणायचे? यादी माणसांनी केली. माणसांना कारण विचारता येते आणि माणसांनी कारण द्यायचे असते. आपण मात्र प्रत्येक वेळी निर्णय घेणाऱ्याला मोकळे सोडतो आणि भाळावरच्या रेघांना साक्षीला बोलावतो. असा साक्षीदार उलटतपासणीला कधीच उभा राहत नाही, म्हणून तो आपल्याला आवडतो.

आता दुसरी बाजू ऐकू. आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर हा विषय मी काढला, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, कोणासाठी रडता? आपटे म्हणजे गिरणीमालकांचे घर. आपल्याच जिल्ह्यात फलटणजवळ साखरवाडीला त्यांचा साखर कारखाना होता. सात कसोट्यांऐवजी सत्तर खेळले असते तर त्यांच्या ताटात काय वाढले असते?" कट्ट्यावरच्या मंडळींना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. साखरवाडीचा तपशील खरा आहे. आपट्यांनी उद्योग सांभाळला, मुंबईचे शेरीफपदही भूषवले. त्यांच्या घरची चूल कसोटीवाचून विझणार नव्हती.

पण हा युक्तिवाद उलटून पाहा. ज्याच्या मागे गिरणी होती, कारखाना होता, मुंबईसारखे शहर आणि तिथली वर्तमानपत्रे होती, त्यालासुद्धा "तुला का वगळले" याचे उत्तर मिळाले नाही. मग ज्याच्या मागे चार तट्टे आणि एक कौलारू खोली आहे, त्याला कोण उत्तर देणार? श्रीमंताच्या मुलावर अन्याय झाला तर तो नशीब म्हणून पुस्तक लिहू शकतो. गरिबाच्या मुलावर तोच अन्याय झाला तर त्याच्या हाती दुसऱ्याच्या गाडीचे चाक येते. न्याय कशाला म्हणायचे, हे कोणाच्या घरी किती आहे यावरून ठरू लागले, तर मग सगळ्याच पंचांनी घरी जावे.

ही चार तट्टे मी कल्पनेतून काढलेली नाहीत. माझ्या शाळेत जावळीच्या खोऱ्यातल्या एका वाडीतला मुलगा होता. बाप वेण्णा तलावावर पर्यटकांना तट्टावरून फिरवून आणी. मुलगा उंच, हाताने लांब. चेंडू टाकायचा तर फलंदाजाला बॅट उचलायला उसंत मिळत नसे. पुढे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेला गेला. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघात निवडला गेला आणि परगावच्या स्पर्धेला बारा दिवस जाऊन आला. परत आला तेव्हा त्याच्या प्रयोगवहीवर सही करायला कोणी तयार होईना. दिवस भरले नाहीत, असे सांगण्यात आले. तो विद्यापीठाच्या कामाला गेला होता, विद्यापीठाचाच शिक्का असलेले पत्र त्याच्या खिशात होते. ते पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले आणि तिसऱ्या टेबलावर हरवले. वर्ष बुडाले. बापाने एकदाच विचारले, "मास्तर, खेळला म्हणून नापास केला का?" मी म्हणालो, "होय, खेळला म्हणूनच." दुसरे वर्ष बसवण्याची त्या घराची ऐपत नव्हती. आज तो पर्यटकांची गाडी चालवतो, महाबळेश्वर ते प्रतापगड. गावात विचाराल तर लोक सांगतील, चांगला खेळायचा, पण दैव!

अहो, हरवलेल्या पत्राला दैव म्हणतात काय?

आता कोणी म्हणेल, संघात जागा अकराच असतात. सगळ्यांनाच कशी मिळणार? हा मुद्दा मला मान्य आहे. विद्यापीठाकडून खेळलेल्या शंभर मुलांपैकी नव्याण्णव कसोटी खेळणार नाहीत. पण मग आपण विद्यापीठाच्या क्रिकेटकडे कसोटीचे दार म्हणूनच का पाहतो? कृष्णा आमच्या क्षेत्र महाबळेश्वरच्या गोमुखातून निघते तेव्हा करंगळीएवढी धार असते. वाई, सातारा, कराड, सांगली ओलांडून ती पुढे जाते म्हणून आपण तिला नदी म्हणतो. पण तिच्या काठी वाईतच ज्याने तांब्या भरला, त्याची तहान काही कमी भागली नाही. मुलगा दोन वर्षे विद्यापीठासाठी खेळला, दहा माणसांबरोबर रेल्वेच्या डब्यात झोपला, हरला तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेतला, आपल्या गावाबाहेरचे पाणी प्याला; त्याची ती दोन वर्षे पूर्ण होती. पुढे काय झाले नाही, एवढ्यावरून मागे जे झाले ते रद्द ठरत नाही. कारकीर्द लहान असणे आणि कारकीर्द वाया जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्या काकामंडळींनी एकदा समजून घ्यावे.

आणि ज्यांना दाखलेच हवे असतील त्यांच्यासाठी दाखल्यांचीही वाण नाही. मुंबईच्या एका पारशी पित्याने आपल्या दिवंगत मुलाच्या, रोहिंटन बारियाच्या, स्मरणार्थ एक चषक दिला आणि १९३५-३६ सालापासून त्यासाठी आंतरविद्यापीठ सामने सुरू झाले. या चषकाने भारतीय क्रिकेटला काय दिले ते पाहा. अजित वाडेकर एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञानाचे विद्यार्थी. बसमधून कॉलेजला जाताना बाळू गुप्त्यांनी त्यांना सहज विचारले, आमच्या संघाचा बारावा गडी होतोस काय? मोबदला तीन रुपये! त्या तीन रुपयांपायी मैदानात आलेल्या मुलाने पुढे दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावांचा डोंगर रचला. गोव्याच्या मडगावाहून मुंबईला शिकायला आलेले दिलीप सरदेसाई १९५९-६०च्या आंतरविद्यापीठ सामन्यांतूनच लोकांच्या नजरेत भरले. सुनील गावसकरांनी १९७० साली पुणे विद्यापीठाविरुद्ध ३२७ धावा करून वाडेकरांचा आकडा मागे टाकला. आणि १९७१ साली काय झाले? हेच वाडेकर कर्णधार, याच सरदेसायांच्या मालिकेत ६४२ धावा, याच गावसकरांच्या ७७४ धावा. आणि भारताने वेस्ट इंडिजला प्रथमच हरवले. हरवले कुठे? पोर्ट ऑफ स्पेनला! ज्या मैदानावर अठरा वर्षांपूर्वी आपटे १६३ धावांवर नाबाद उभे होते, त्याच मैदानावर. मुंबईच्या कॉलेजांतल्या त्या तीन मुलांनी तेव्हा जी मजल मारली, तिची पहिली पायरी कॉलेजच्या जाळ्यातली होती.

यावर आजचे हुशार पालक म्हणतील, तो काळ गेला. आता अकादमी आहेत. सकाळी सहाला मुलगा सोडायचा, संध्याकाळी आणायचा. शाळा, कॉलेज नावापुरते. २००८ सालापासून लिलाव सुरू झाला आहे. एकदा नाव पुकारले गेले की सात पिढ्यांची ददात मिटली. या पालकांचा मला राग येत नाही, काळजी वाटते. पूर्वीचे काका म्हणत, खेळू नको, शीक. आजचे बाबा म्हणतात, शिकू नको, खेळ. दोघांची गल्लत एकच. दोघांनाही वाटते की एका माणसात दोन गोष्टी मावत नाहीत. अकादमीतला मुलगा अठराव्या वर्षी लिलावात विकला गेला नाही तर त्याच्या हाती काय उरते? पदवी नाही, धंदा नाही, आणि "न विकलेला" हा शिक्का! पूर्वी निदान "दैव" म्हणून कोणी हळहळत तरी असे. आता किंमत सांगतात. माणसाच्या खेळाचे मोल बोलीवर ठरवायचे, तर मग आमच्या बाजारातल्या स्ट्रॉबेरीच्या पेटीत आणि त्या मुलात फरक तो काय राहिला? स्ट्रॉबेरीचासुद्धा निदान मुरंबा होतो.

दोन गोष्टी एका माणसात मावतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवीत. त्याच हाताने त्यांनी १९२६ साली गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १४८ धावा केल्या. वयाची पन्नाशी जवळ आली असताना महाराष्ट्राचे कर्णधार म्हणून १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक आणला. एकही अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. भारताची पहिली कसोटी १९३२ साली झाली तेव्हा ते चाळिशीचे होते. त्यांना वाया गेले म्हणण्याची कोणाची छाती आहे? वर्गात संस्कृत आणि मैदानावर शतक, असा प्राध्यापक आज एखाद्या महाविद्यालयात असता, तर त्याला दोन्हीकडून कारणे दाखवा नोटीस आली असती.

आणि आपटे तरी कुठे वाया गेले? कसोटी गेली, खेळ गेला नाही. मुंबईत भर पावसाळ्यात कांगा लीगचे सामने होतात; चिखलात, ओल्या खेळपट्टीवर, जिथे मोठे मोठे फलंदाज पाय ठेवायला कचरतात. त्या कांगा लीगमध्ये आपटे पन्नासहून अधिक वर्षे, सत्तरीपर्यंत खेळत राहिले. पुढे सचिन तेंडुलकर नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा दारात आला, तेव्हा त्याला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडून खेळता यावे म्हणून दार उघडणाऱ्यांत राजसिंग डुंगरपूर यांच्याबरोबर माधव आपटे होते. विशीत ज्याच्या तोंडावर दार लागले, त्याने पोरवयाच्या मुलासाठी दार उघडले. सात कसोट्यांच्या या माणसाचा हिशेब निवड समितीच्या वहीत मावणारा नव्हता.

मग मी भांडतो कशासाठी? नुसती हळहळ व्यक्त करून फराळाकडे वळायचे असते, तर हा कागद मी काळा केला नसता. माझी मागणी तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही ठिकाणी ती पुरी करता येण्यासारखी आहे.

पहिली मागणी निवड करणाऱ्यांकडे. संघ तालुक्याचा असो, विद्यापीठाचा असो की देशाचा. मागच्या हंगामात खेळलेल्या खेळाडूला वगळले तर त्याला दोन ओळींचे कारण लेखी द्या. कारण चुकीचे असेल, कडू असेल, तरी चालेल. "तुझे पाय हलत नाहीत" असे कळले तर मुलगा पाय हलवायला शिकेल. काहीच कळले नाही तर तो ज्योतिषाकडे जाईल. पंच बोट वर करतो ते साऱ्या मैदानाला दिसते. निवड करणाऱ्याने बोट टेबलाखाली का वर करावे?

दुसरी मागणी विद्यापीठांकडे आणि महाविद्यालयांकडे. आमचा सातारा, सांगली आणि कोल्हापूर हा मुलूख १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले तेव्हापासून विद्यापीठाचे नाव छातीवर लावून खेळतो आहे. अशी छाती पुढे करणाऱ्या मुलाला परत आल्यावर प्रयोगशाळेच्या दारात उभे करू नका. सामन्याचे दिवस हजेरीतच धरा. बुडालेला प्रयोग पुन्हा करून घ्या, बुडालेली परीक्षा पुन्हा घ्या. सवलतीची परिपत्रके निघतात हे मला ठाऊक आहे. पण परिपत्रक टेबलावर पोहोचते आणि माणूस टेबलापाशी नसतो, हेही मला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक महाविद्यालयात एका प्राध्यापकाच्या नावावर ही जबाबदारी असावी, म्हणजे पत्र हरवले तर कोणाकडे विचारायचे ते घोड्यामागे धावणाऱ्या बापालाही कळेल.

तिसरी मागणी तुमच्याकडे, वाचकहो. ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत अवघड. मुलाला खेळू द्या आणि शिकू द्या. दोन्हींपैकी एक निवडण्याची सक्ती सोळाव्या वर्षी त्याच्यावर लादू नका. तो कसोटी खेळेल या आशेने मैदानावर पाठवू नका आणि खेळणार नाही या भीतीने घरी कोंडू नका. दोन वर्षे खेळून तो थांबला तर "पुढे काय झाले?" असे विचारण्याआधी "खेळलास तेव्हा कसा खेळलास?" असे विचारा. त्याला सांगू द्या. एखाद्या लांबच्या गावच्या सामन्यात शेवटची जोडी मैदानावर असताना त्याने काय केले, कोणता झेल सुटला, कोणत्या षटकात त्याचे पाय लटपटले आणि तरी तो उभा राहिला, हे सारे त्याच्या मनात अजून ताजे असते. ते ऐकायला कोणी बसत नाही म्हणून ते आटते.

दैव असेलही. आमच्या गावात पंचगंगेचे देऊळ आहे, मी रोज तिथे हात जोडतो; तेव्हा दैवाला नाकारण्याचा शहाणपणा मी करणार नाही. पण देवापुढे हात जोडावेत आणि माणसांपुढे हिशेब मागावा, एवढे तारतम्य आपल्याला हवे. या दिवाळीत फराळाला बसाल तेव्हा भाच्याच्या बशीतही ती जास्तीची करंजी वाढा. आणि कोणी शेजारच्या मुलाचे नाव काढून "दैव एकेकाचे" म्हणू लागला, तर त्याला तिथेच थांबवून विचारा : यादी कोणी केली होती?